मांडीवर सूप, शेजारी बाळ: गालावरच्या चट्ट्यांचं एक प्रकरण

कर्नाटकातल्या निपाणीतलं घर आहे. गल्ली लिहीत नाही, बाळाचं आणि आईचं नावही लिहीत नाही, ओळख पटंल असं काही ठेवलेलं नाही. मी आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना लहान बाळाच्या घरी जाऊन वजन, वरचं खाणं, लसी, बाळ काय काय करायला शिकलंय हे बघायचं असतंय, त्यातली ही पंधराव्या महिन्याची भेट. कातडीचं विचारायला मी गेलेच नव्हते, खरं आईनं मला नीट बसू पण दिलं नाही, आधी बाळाचे गालच दाखवले. "आक्का, हे बगा की, आता कानापर्यंत गेलंय. सगळं लावून झालं."

हे "सगळं लावून झालं" म्हणजेच निम्मं दुखणं होतं, म्हणून तिथनंच सुरू करते.

काय काय लावलं होतं

दिवाळीनंतर थंडी पडली आणि बाळाच्या दोन्ही गालांवर लालसर, हात फिरवला की खरखर लागणारे चट्टे आले. आजीनं पहिल्यांदा हळद आणि साय लावली. त्यानं काय होईना म्हणून घाण्याचं शेंगतेल. मग शेजारच्या बाईनं सांगितलं म्हणून कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ, आणि त्याच पाण्यात एक झाकण जंतुनाशक, ते तपकिरी असतंय बघा, पाण्यात ओतलं की पांढरं होणारं. अंगाला हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, तेही चोळून चोळून, मळ निघतोय म्हणून. पाणी असं कढत की अंघोळ झाल्यावर बाळ टोमॅटोसारखं लाल. मग ओवा, वावडिंग आणि लसणाच्या साली टाकून शेगडीवर धुरी, आणि शेवटी गळ्यात, काखेत, गालावर पावडर. वरनं लोकरीचं टोपरं, त्याची नाडी बरोबर गालावर घासणारी.

यातलं एकेक घ्या, तर बहुतेक घरांत चालतंय आणि बहुतेक पोरांना काही होत नाही. मी पण अशीच धुरी घेऊन मोठी झाले. खरं या बाळाची कातडी मुळात कोरडी, आणि कोरड्या कातडीला कढत पाणी, पीठ, जंतुनाशक, धूर, पावडर आणि लोकर हे सगळं एकाच सकाळी, रोज.

मग बाळाच्या बाबानं मेडिकलमधनं एक ट्यूब आणली. दुकानात त्यानं "पोराला गजकर्ण झालंय" असं सांगितलं होतं, कारण एक चट्टा जरा गोल दिसत होता. ट्यूब लावल्यावर तीन-चार दिवसांत गाल एकदम स्वच्छ. घरात सगळे खूष, दुकानदाराचं कौतुक. लावायचं बंद केलं आणि आठवड्याच्या आत आधीपेक्षा जास्त लाल. परत लावलं, परत गेलं, परत आलं. मी गेले तेव्हा हा खेळ तिसऱ्यांदा चालू होता.

ट्यूब मागून घेतली आणि पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं. क्लोबेटासोल, शिवाय एक बुरशीचं औषध आणि एक जंतूंचं औषध, तिन्ही एकत्र. क्लोबेटासोल हे कातडीला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात ताकदवान गटातलं. मोठ्या माणसाच्या तळहातावर, तळपायावर जाड चामडीला डॉक्टर देतात ते, तेही थोडे दिवस. बाळाचा गाल म्हणजे अंगावरची पातळ कातडी, आणि बाळाचं वजन कमी पण अंगाचं क्षेत्र त्या मानानं जास्त, त्यामुळं लावलेलं औषध आत जास्त जातं. जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसाय लागतात. आणि खरंच गजकर्ण असतं तर स्टेरॉइडनं वरची लाली दबते आणि बुरशी आत मजेत वाढत राहते, मग डॉक्टरलाही ओळखू येत नाही असं रूप घेते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा यादीत घातली, तरी दुकानात काय चालतं ते तुम्हाला मला माहीत आहे.

मला काय दिसलं

मी निदान करत नाही, ते माझं काम नाही. खरं मुलांचे डॉक्टर त्या आठवड्यात रजेवर, पुढचा दिवस मिळायला अजून वेळ, आणि कोल्हापूरला किंवा बेळगावला न्यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचं भाडं, तिथली फी. म्हणजे मधले दिवस घरातच काढायचे होते. घरात काढायचे तर आधी हे बघायला पाहिजे की हे घरात काढण्यासारखं आहे का.

बाळाला उजेडात, दाराशी, पूर्ण उघडं करून बघितलं. थंडीत आया फक्त तोंड दाखवतात, खरं कातडीचं काही असेल तर लंगोट सोडूनच बघायचं. गाल, कपाळाची कड, दंडाची बाहेरची बाजू, गुडघ्याखालची पोटरी, इथं कोरडे लाल चट्टे. मांड्यांच्या मधे, लंगोटाखाली मात्र कातडी एकदम मऊ, स्वच्छ. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून घेतली, कारण एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं डोक्यात होतं की लहान बाळाचं इसब (एक्झिमा) बऱ्याचदा लंगोटाची जागा सोडून येतं, तिथं ओल टिकते म्हणून. उलट लंगोटामुळं आलेलं असतं तर तिथंच जास्त असतं, आणि जांघेच्या घडीत लाल होऊन बाजूला बारीक बारीक ठिपके पसरले असतील तर बुरशीचा संशय घ्यायचा.

ताप नाही. खेळतंय, दूध ओढतंय, भात-आमटी खातंय. फोड नाहीत, पू नाही, मधासारखी पिवळी खपली नाही. ओठ, डोळे सुजलेले नाहीत. चट्ट्यावर काचेचा पेला दाबला तर लाली जाते, उचलला की परत येते. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या नीट बघितल्या, आणि घरातल्या सगळ्यांना विचारलं, रात्री कुणाला खाजतंय का? खरूज असली तर ती एकट्या बाळाला क्वचित असते, आई-आजी पण रात्री खाजवत बसतात, आणि लहान बाळात तर तळहात-तळपायावर पण पुरळ येतो. इथं कुणालाच नव्हतं. आजी म्हणाली, "मला काय झालंय? मी आंगुळ करतीया रोज." विचारल्याचा राग आला तिला, येऊ दे.

एक विचारायचं राहिलं होतं ते आईनं स्वतःच सांगितलं, तिच्या भावाला लहानपणापासनं दमा आहे. इसब, दमा, सारखी सर्दी-शिंका, हे एकाच घराण्यात फिरतं. तेही कागदावर.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना फोटो आणि ट्यूबचं नाव पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ही ट्यूब गालाला लावायची बंद, दुसरी कुठली ट्यूब आणायची नाही, मुलांच्या डॉक्टरना दाखवेपर्यंत फक्त ओलावा सांभाळा, आणि बंद केल्यावर एक-दोन दिवस लाली वाढेल, घाबरून परत लावू नका. हे शेवटचं वाक्य फार कामाला आलं, कारण तसंच झालं, आणि आधी सांगितलेलं होतं म्हणून आई टिकली.

सूप

हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा आईचे हात थांबलेले नव्हते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्रा ठेवून कात्रीनं कापलेली, आणि बोटं आपोआप बिडी वळतात, दोरा बांधतात, टोक मुडपतात. बाळ रडलं की त्याच हातानं उचलायचं, नाक पुसायचं, गाल पुसायचा, पाजायला घ्यायचं. बाळ पण बरोबर मांडीच्या त्या बाजूला झोपतं जिथं सूप टेकतं. पदराला तंबाखूची बारीक भुकटी, आणि तो पदर बाळाच्या तोंडावर, ऊन लागू नये म्हणून.

निपाणीत हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की ते दिसत नाही. आई पण "काय काय लागतं बाळाला" याच्या यादीत हे सांगत नव्हती. मी तिचे हात बघितले. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हीची टोकं पिवळी पडलेली, भेगा गेलेल्या. म्हटलं, हे चुरचुरतं का? म्हणाली, "ते काय, मीठ लागलं की चुरचुरतंय." मोठ्या बाईच्या राबलेल्या हाताला ज्यानं भेगा पडतात ते बाळाच्या फाटलेल्या कातडीला काय करत असेल, हे मी तिला वेगळं समजावायची गरज पडली नाही, तीच गप्प झाली. तंबाखूतलं निकोटीन कातडीतनं आत जातं, ओला तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना त्यानं मळमळ, चक्कर होते हे जगभर माहिती आहे. इसब तंबाखूनं झालं असं मी म्हणत नाही, घराण्यात दमा आहे, थंडी आहे, साबण आहे. खरं आधीच चिडलेल्या कातडीवर दिवसभर ही भुकटी, हे कुठल्या मलमानं भरून निघणार?

आजीला हे अजिबात पटलं नाही. ती तंबाखू पिकवणाऱ्या घरातली, १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात वडिलांबरोबर हायवेवर बसलेली, हे ती कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते. "आमची सगळी पोरं तंबाखूतच वाढली, कुणाला काय झालं नाही." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि खरं सांगायचं तर गरज पण नव्हती. मी तिला दुसरंच विचारलं, आज्जी, बाळ आता रांगत नाही, चालतंय, सुपात हात घालून तोंडात घातलं तर? तंबाखू पोटात गेला तर लाळ गळते, उलट्या होतात, बाळ सुस्त पडतं, तो दवाखान्यात पळायचा प्रकार आहे, गालाचं तर किरकोळ म्हणायचं. हे मात्र तिला पटलं, कारण एकदा बाळानं बिडी चावलेली तिनं स्वतः बघितली होती. त्या दिवसापासनं सूप मांडीवरनं उठलं की उंचावर.

बिडीचं काम सोड असं मी म्हटलं नाही. हजार बिड्यांच्या हिशोबानं मजुरी, आणि त्यावर घर चालतंय. जमण्यासारखं एवढंच ठरलं: बिडीला बसताना जुनी साडी किंवा नवऱ्याचा जुना शर्ट वरनं घालायचा, बाळाला घ्यायचं असेल तर तो काढायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग बाळ. बाळाची झोपायची जागा सुपापासनं लांब, आतल्या खोलीत. पानं आणि तंबाखू झाडताना बाळ बाहेर आजीकडं. हे वाचायला सोपं वाटतं, करताना एका बिडीमागं किती सेकंद जातात ते तिला माहीत, आणि पहिल्या आठवड्यात कारखान्यात माल कमी गेला, हे पण लिहिलं पाहिजे.

मधल्या दिवसांत काय केलं

लावण्यापेक्षा बंद करण्याचीच यादी मोठी झाली. हळद बंद. हळद वाईट म्हणून नव्हे, काही जणांना तीच चावते, आणि दुसरं म्हणजे पिवळ्या गालावर लाली किती हे डॉक्टरला कसं कळणार? जांभळं औषध लावायची काही घरांत सवय आहे, तेही याच कारणानं नको. शेंगतेल बंद. फाटलेल्या कातडीतनं शेंगदाण्याचा अंश आत गेला तर अंगाला पुढं शेंगदाणाच सोसत नाही असं होऊ शकतं, ज्या बाळांना इसबावर शेंगतेल असलेली क्रीमं लावली होती त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळली हे २००३ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात आलंय. खाण्यात शेंगदाण्याचं कूट घालायला या घरात काही अडचण नव्हती, तो वेगळा रस्ता आहे. जंतुनाशक बंद, डाळीचं पीठ बंद, पावडर बंद (ती नाकातोंडात जाते ते वेगळंच), धुरी बंद.

धुरीवरनं आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अंघोळ बंद केली नाही. काही लोक म्हणतात पाणी लागू देऊ नका, तसं नाही. रोज एकदा, कोमट पाणी, आईनं कोपर घालून बघायचं, पाच ते दहा मिनिटं, त्याच्या पुढं नाही. साबण फक्त जांघ, काख आणि हात-पाय मळले असतील तर, तोही बिनवासाचा. आपली कातडी जरा आंबट बाजूची असते, नेहमीचा साबण उलट क्षारी, म्हणून तो कोरडं करतो. पुसताना घासायचं नाही, मऊ सुती फडकं टेकवून पाणी टिपायचं. आणि अंग अजून जरा ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, जेली लावायची. ओल आत अडकवायची म्हणजे उपयोग, वाळल्यावर लावलं तर वरवर तेलकट होतं एवढंच.

कुठली जेली? साधी पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची, रंग नसलेली. महागडी बेबी क्रीम नको, त्यातल्या वासाचीच बाळाला कधी कधी अडचण होते. घरचं खोबरेल पण चालतं. फिलिपाईन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर २०१४ साली झालेल्या एका चाचणीत व्हर्जिन खोबरेल साध्या मिनरल ऑइलपेक्षा बरं ठरलं होतं. आजीला हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा खुलला, निदान तिच्या बाटल्यांमधली एक तरी पास झाली. तर दिवसा खोबरेल, रात्री जेली, असं वाटून घेतलं.

किती लावायचं यात सगळ्या आया कंजुषी करतात. बोटावर मुगाएवढं घेऊन दोन्ही गाल. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००७ च्या सूचनांत इसब असलेल्या मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असं लिहिलंय, म्हणजे पाव किलो ते अर्धा किलो! आपल्याकडं तेवढं कोण आणणार, खरं आकडा सांगितल्यावर निदान दहा रुपयाच्या डबीत भागत नाही हे कळतं. दिवसातनं तीन-चार वेळा, दर वेळी तोंड पुसलं की, आणि जेवायच्या आधी तोंडाभोवती, म्हणजे आमटी-लाळ थेट कातडीला लागत नाही. केसांच्या दिशेनं वरनं खाली सपाट हात, मालिश केल्यासारखं रगडायचं नाही.

एक गोष्ट इथं ठळक सांगते कारण आपल्याकडं चूल, शेगडी, बिडीवाल्या घरात काडेपेटी, सगळं जवळजवळ असतं. जेली किंवा तेल कपड्यांत, दुपट्यात मुरलं की ते कापड आगीला लवकर पेट घेतं, धुतल्यावर पण सगळं जात नाही. बाळाला जेली लावून चुलीपुढं शेकायला बसायचं नाही. घरातल्या माणसानं बाळाला कडेवर घेऊन बिडी ओढायची नाही, हे तर धुरासाठी पण नको.

नखं कापली, तीही बाळ झोपल्यावर. रात्री हातात बाबाचे जुने सुती मोजे. टोपरं लोकरीचंच ठेवलं, खरं आत धुतलेल्या मऊ सुती फडक्याचं अस्तर लावलं आणि नाडीची जागा बदलली. खाज फार झाली की थंड पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं, मग परत जेली. पांढरं-गुलाबी कॅलमाइन घरात पडलं होतं, ते नको म्हटलं, घामोळ्याला ठीक, कोरड्या इसबाला अजून कोरडं करतं. खाजेवर म्हणून झोप आणणारी सिरपं मेडिकलवाले देतात, त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला द्यायचं नसतं, श्वास मंदावू शकतो, अमेरिकेत २००४ पासनं त्यावर तसा सक्त इशाराच आहे. म्हणून सिरप काहीच नाही.

खाण्याचा वाद झालाच. आईनं वांगं सोडलेलं, अंडं सोडलेलं, आता आजीच्या सांगण्यावरनं दूध पण बंद करणार होती. बाळाला अंडं तर कधीच दिलेलं नव्हतं. एखादी गोष्ट खाल्ल्यावर लगेच, तास-दोन तासांत, अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, उलटी होत असेल तर ती गोष्ट बंद आणि डॉक्टरला सांगायचं. तसं काही नसताना एकेक पदार्थ काढत गेलं तर गाल तसेच राहतात आणि वजन उतरतं. या बाळाचं वजन वाढीच्या तक्त्यावर आधीच खालच्या बाजूला सरकत होतं. अंगावरचं दूध चालू, भात, आमटी, नाचणीची आंबील, सगळं चालू.

आजीचं अजून एक म्हणणं होतं, अंगावर आलंय तर लस द्यायची नाही. सोळाव्या महिन्यापासनं गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर असतो. साधं इसब हे लस पुढं ढकलायचं कारण नाही, तारीख मी लिहून ठेवली.

भिंतीवरचा कागद

मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवला, कारण वाट बघायची म्हणजे काहीही झालं तरी बघत बसायचं असं नव्हे. ताप आला. चट्ट्यावर पू, पिवळी खपली, आजूबाजूला गरम आणि सुजलेलं. पाणी भरलेले एकसारखे बारीक फोड किंवा टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे, आणि बाळ किरकिर करतंय (हा नागीण गटातल्या विषाणूचा प्रकार इसबावर फार लवकर पसरतो, म्हणून ओठावर फोड आलेल्या माणसानं बाळाचा मुका घ्यायचा नाही). भाजल्यासारखी कातडी सुटाय लागली. पेला दाबला तरी न जाणारे लाल-जांभळे ठिपके, बरोबर ताप. दूध पीत नाही, सुस्त. यातलं काहीही झालं तर डॉक्टर रजेवर असले तरी त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात, रात्र असली तरी. आणि ओठ-डोळे सुजले, धाप लागली, आवाज बसला, तर थेट १०८.

डॉक्टरकडं

इथं आपल्या भागातली अडचण आहे ती वेगळीच. डॉक्टर बागलकोटकडचे, कन्नड बोलणारे, चांगले आहेत, मराठी समजतं त्यांना, खरं घाईत बारकावे सुटतात, आणि आई त्यांच्यापुढं गेली की "आग होतीया, खाजतंय" याच्या पुढं बोलत नाही. म्हणून मी एका पानावर कन्नडमध्ये लिहून दिलं: कधी सुरू झालं, कुठं आहे, लंगोटाखाली नाही, घरात कुणाला खाज नाही, मामाला दमा, काय काय लावलं, ट्यूब कधी लावली-कधी थांबवली, आईचं काम तंबाखूचं. ती ट्यूब पण पिशवीत. मोबाईलमध्ये फोटो, पहिल्या दिवशीचा आणि मधले, सगळे दाराशी त्याच जागी, दुपारच्या उजेडात, फिल्टर न लावता. त्या सकाळी गालाला काही लावू नको असंही सांगितलं होतं.

जाईपर्यंत गाल बरेच शांत झाले होते. आईला तर वाटायला लागलं होतं की आता कशाला जायचं. पोटऱ्यांवरचे चट्टे मात्र तसेच जाड होते आणि रात्रीची खाज चालूच होती, म्हणून गेलो.

डॉक्टरनी कागद वाचला आणि फोटो बघितले. इसब, त्यात बाहेरनं चिडवणाऱ्या गोष्टींची भर, जंतू झालेले नाहीत. तंबाखूचं वाचून त्यांनी आईचे हात मागितले आणि बघितले, तिला पण हातासाठी लिहून दिलं. बाळाला सौम्य स्टेरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, फक्त लाल चट्ट्यांवर, दिवसातनं एकदा, थोडे दिवस, मग बंद करून परत दाखवायचं. आई दचकली, "आक्का, स्टेरॉइड वाईट म्हणालासा की." म्हटलं, वाईट म्हटलं नाही, ती ट्यूब बाळाच्या गालासाठी नव्हती म्हटलं. ताकद, जागा आणि दिवस हे तिन्ही डॉक्टरनी ठरवलं की तेच औषध कामाचं. किती घ्यायचं ते त्यांनी दाखवलं पण: मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते, साधारण अर्धा ग्रॅम. गालांना त्यापेक्षा कमीच लागतं. जेली चालूच ठेवायची, दोन्हींमधे थोडं अंतर ठेवून.

पुढं काय झालं

संक्रांतीपर्यंत गाल मऊ होते. पोटऱ्यांना वेळ लागला. मधे एकदा परत लाल झालं, उसाच्या फडाला आग लावलेली, गल्लीभर काजळी उडत होती आणि त्यात एका लग्नात दिवसभर नवीन कडक कपडे घातलेले, दोन्हीतलं काय ते कळलं नाही. जेली वाढवली, दोन-तीन दिवसांत बसलं, दवाखान्यात जावं लागलं नाही. हे असं येत-जात राहणार, बरीच पोरं मोठी होतील तसं कमी होतं, पण शब्द कुणी देत नाही, आणि हे आईला डॉक्टरनी तोंडावर सांगितलं ते बरं झालं, नाहीतर "ट्यूबनं गेलं होतं की" हे घरात परत सुरू झालं असतं.

सुरू झालं पण थोडंसं. हायड्रोकॉर्टिसोनची ट्यूब संपली तेव्हा बाबा चिठ्ठी न नेता दुकानात गेला आणि "खाजेची, बाळाची" म्हणून मागितली. दुकानातनं परत तीन औषधांची एकत्र ट्यूब आली, वेगळ्या कंपनीची, डबीवर हसरं कुटुंब. आईला इंग्लिश येत नाही, खरं तिनं माझ्याकडनं क्लोबेटासोलची अक्षरं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेली, ती लावून बघितली, जुळली. तशीच उठून ट्यूब परत द्यायला गेली. दुकानदार पैसे परत द्यायला तयार होईना, तर तेवढ्यात बसंल तेवढा पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा घेऊन आली, आणि वरचे राहिलेले पैसे उधारीवर लिहायला लावले.